गल्लीत पोरं खेळली की म्हणे त्रास होतो

डबाऐसपैस:
परवा 'शांतताप्रेमी' यांनी लिहिलेलं वाचलं. त्यांच्या कोथरूडच्या गल्लीत पोरं क्रिकेट खेळतात, बॉल गाडीला लागतो, दुपारची झोप होत नाही, सबब गल्लीत खेळायला सरसकट बंदी आणा, पोरांसाठी ग्राउंड आहेत, टर्फ आहेत. इथपर्यंत ठीक होतं. पण शेवटी "ज्यांना पोरं सांभाळता येत नाहीत त्यांनी ती जन्माला घालू नयेत" हे जे लिहिलंय ना, ते वाचून डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

ग्राउंड कुठंय काका? मी पण कोथरूडचाच. शाळा सुटली की शाळेच्या मैदानाला कुलूप. बागेत गेलं की 'चेंडू खेळण्यास सक्त मनाई' आणि शिट्टी घेऊन वॉचमन. टर्फ तासाला हजाराच्या घरात, आणि संध्याकाळचे स्लॉट ऑफिसवाल्या दादालोकांनी आधीच धरलेले. राहिलं बिल्डिंगचं आवार, तर आमची तीनमजली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि मागं जिथं आम्ही लगोरी खेळायचो तिथं आता गाड्या वरखाली करायचं मशीन बसलंय, त्याच्या आसपास पोरांनी फिरकायचं नाही. मग आठ-दहा वर्षांची पोरं जाणार कुठं? घरात बसली की तुम्हीच म्हणणार, मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत.

शांतताप्रेमी:
माझ्या नावानं धागा काढलात, आभारी आहे. ते वाक्य ज्याला बोचलं त्यानं का बोचलं याचा विचार करावा.

आमच्या हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. रात्री झोप नाही, दुपारी जरा डोळा लागतो तर खाली "आऊट, नॉट आऊट" सुरू. बॉल आणायला पोरगं कंपाउंड चढलं, कुंडी फोडली, आणि आईला सांगायला गेलो तर ती म्हणते "मुलंच आहेत काका". एकदा गाडीची काच गेली, कोणी पुढं आलं नाही. बॉल मात्र मागायला आले!

आणि हळवं व्हायच्या आधी आकडा बघा. २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, हा सरकारी आकडा आहे. अशा देशात पोरं रस्त्यावर सोडायची? शिवाय सार्वजनिक रस्त्यात अडथळा करणं हा गुन्हा आहे. न्याय संहितेचं कलम २८५, पाच हजारांपर्यंत दंड.

वकील_नाही_पण:
काका, कलम बरोबर सांगितलंत. जुन्या आयपीसीत २८३ होतं तेव्हा दंड दोनशे रुपये होता, आता पाच हजार झाला. पण ते कलम अडथळा करणाऱ्या कोणालाही लागतं, पोरांपुरतं नाही. पोरांना हॉर्न दिला की बाजूला होतात. तुमची गाडी रात्रंदिवस रस्त्यावर उभी असते, ती होते का बाजूला?

शांतताप्रेमी:
मी रोड टॅक्स भरतो.

वकील_नाही_पण:
तो गाडी चालवायचा. झोपवायचा नाही.

चिकू_आणि_पायरी:
धंद्यानं आर्किटेक्ट आहे म्हणून बोलते. २०२०च्या युडीसीपीआरप्रमाणे, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे, प्लॉट ४००० चौरस मीटरचा किंवा मोठा असेल तर १० टक्के मोकळी जागा खेळायला-बसायला ठेवावी लागते. ४००० म्हणजे जवळजवळ एक एकर. कोथरूड-एरंडवण्यातले जुने बंगल्यांचे, छोट्या सोसायट्यांचे प्लॉट पाच-दहा गुंठ्यांचे, त्यांना हे लागूच होत नाही. तिथं सहा फ्लॅटचे वीस-बावीस होतात, आणि नियमानं प्रत्येक फ्लॅटमागं पार्किंग मात्र दाखवावंच लागतं. नकाशावर गाडीसाठी जागा सक्तीची आहे, पोरासाठी नाही. मीटिंगमध्ये मी "मुलांना थोडा कोपरा ठेवू" म्हटलं की सभासद विचारतात, त्यात किती गाड्या बसतील. आणि हेच सभासद नंतर पोरांवर ओरडतात.

मीटर_डाऊन:
मी रिक्षा चालवतो, वीस वर्षं झाली असतील. सगळे पोरांच्या बाजूनं बोलताय म्हणून उलटं सांगतो. बॉल रस्त्यात आला की मागून पोरगं येणारच हे आमच्या पायात बसलंय, बॉल दिसला की आपोआप ब्रेक. पण नवीन पोरं ज्या बाईक चालवतात, डिलिव्हरीवाले, त्यांना पुढची ऑर्डर दिसते, बॉल दिसत नाही. मागच्या वर्षी माझ्यासमोर एका पोराला बाईकनं उडवलं, नशीब पाय मोडण्यावर निभावलं, मीच रिक्षात घालून नेला. त्याची आई दवाखान्यात मलाच मारायला धावली. तेव्हा ज्यांना लहानपण आठवून गहिवरून येतंय त्यांनी एकदा स्टीअरिंगच्या मागं बसून बघा.

एक मात्र आहे. ते पोरगं दोन उभ्या गाड्यांच्या मधून आलं होतं. गाड्या नसत्या तर बाईकवाल्याला लांबूनच दिसलं असतं.

डबाऐसपैस:
तेच तर म्हणतोय.

मीटर_डाऊन:
तुम्ही तेच नाही म्हणत. तुम्ही म्हणताय खेळू द्या. मी म्हणतोय आधी गाड्या हलवा, मग बोलू.

आइंडहोवनकर:
इकडं नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यावर साधारण ३३०० माणसं मेली, त्यात चारशेच्या वर लहान मुलं होती. मग आईबाप रस्त्यावर उतरले, आंदोलनाचं नावच 'मुलांचे खून थांबवा'. त्याच दशकात 'वूनर्फ' नावाच्या गल्ल्या कायद्यात आल्या, तिथं गाडीनं चालत्या माणसाच्या वेगानं जायचं आणि मुलांना रस्त्यावर खेळायचा हक्क. वळणं, झाडं, बाक असं सगळं मुद्दाम मध्ये आणून ठेवलेलं असतं, वेग घेताच येत नाही. माझी मुलगी अशाच गल्लीत...

खडूस_नारायणपेठी:
आलं हॉलंड! कुठलाही धागा काढा, पाचव्या-सहाव्या प्रतिसादाला हॉलंड येतंच. अहो इथं सायकल ट्रॅक केले तर त्यावर भुर्जीची गाडी लागते. गल्लीत बाक ठेवलात तर संध्याकाळी त्यावर कोण बसेल आणि काय पीत बसेल ते सांगा.

आइंडहोवनकर:
तिथंही १९७० साली चौकाचौकात गाड्याच गाड्या होत्या, लोक जन्मतः सायकलवर बसून आलेले नाहीत. पण राहू दे, आम्ही परदेशातले, आम्हाला काय कळतंय.

खडूस_नारायणपेठी:
तेच.

गिरगावकर_आता_बोरिवली:
आमच्या चाळीत क्रिकेटचे नियमच असे की कोणाच्या झोपेला धक्का नाही. अंडरआर्म, वन टप्पा आऊट, गॅलरीत डायरेक्ट गेला तर आऊट आणि जो मारेल तो आणेल. दुपारी दोन ते चार गोट्या नाहीतर पत्ते. हे नियम कोणी शिकवले नव्हते, पहिल्या मजल्यावरच्या आजींनी दोन बॉल विळीवर कापल्यावर आपोआप आले. आता आई व्हॉट्सअ‍ॅपवर भांडते आणि पोरगं गॅलरीतून बघत बसतं.

२०२२ला मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी मरीन ड्राइव्ह वगैरे रस्ते गाड्यांना बंद केले होते. पोराला बोरिवलीहून लोकलनं घेऊन गेलो. खेळायला मरीन ड्राइव्हला लोकलनं जायचं, म्हणजे झालंच.

सोनचाफा:
इतके जण बोललात, सगळं क्रिकेट. मुली कुठं खेळतात माहितीये का कोणाला? टर्फवर एकही मुलगी दिसत नाही, ग्राउंडवर मोठी मुलं पीच सोडत नाहीत. माझी अकरा वर्षांची लेक आणि तिच्या मैत्रिणी फक्त गल्लीतच खेळू शकतात, कारण हाक मारली तर ऐकू येते. डबा ऐसपैस, लंगडी, साखळी. त्यात समोरच्या काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "एवढी मोठी झाली, अजून रस्त्यावर धावते?" बंदी आली की मुलगे कुठंतरी जातील. ह्या मुली घरात बसतील. झोपेची काळजी करणाऱ्यांना हे दिसत नाही.

आणि रस्ता अडवल्याचं दुःख एवढंच असेल तर मांडव पंधरा-पंधरा दिवस असतो, तेव्हा कलम आठवत नाही कोणाला.

ढोलपथक_९८:
झालं, आलात सणांवर. पोरांचा विषय होता ना? वर्षातून एकदा येतो बाप्पा, तेवढंही सहन होत नाही का ताई?

सोनचाफा:
मला मांडव चालतो हो. माझी लेक आरतीला पुढं असते. मांडवाला जागा होते तर लंगडीला का नाही, एवढंच विचारलं. तुम्हाला ते ऐकायचं नाहीये.

ढोलपथक_९८:
टोन बघा स्वतःचा.

वकील_नाही_पण:
मांडव सोडा, पार्किंगवर या. जपानमध्ये १९६२पासून कायदा आहे, गाडी ठेवायला जागा आहे हे दाखवल्याशिवाय गाडी नोंदवता येत नाही. आपल्याकडं २०२५मध्ये परिवहनमंत्री सरनाईक तसंच काहीतरी म्हणाले तर लोकांनी आरडाओरड केली. पुणे महापालिकेनं २०१८ला रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायचं धोरण मंजूर केलं, तेव्हाही तेच. रस्त्यावर पोरगं तासभर खेळलं तर बंदी, गाडी वर्षभर उभी तर फुकट.

शांतताप्रेमी:
माझ्या गाडीवर घसरलात म्हणून सांगतो. आमच्या सोसायटीत जागा बावीस आणि गाड्या चाळीस. माझं पार्किंग मुलाच्या गाडीला दिलंय, तो रात्री उशिरा येतो. मी काय गाडी डोक्यावर ठेवू?

खडूस_नारायणपेठी:
दोन गाड्या. बरं.

शांतताप्रेमी:
तुमच्या पेठेत दोन टू व्हीलर उभ्या केल्या की गल्ली बंद होते, तुम्ही बोलू नका.

चिकू_आणि_पायरी:
भांडण नंतर करा. आमच्या गल्लीत आम्ही एक केलं, ते सांगते. शनिवारी-रविवारी पाच ते सात एका बाजूच्या गाड्या शेजारच्या बँकेच्या आवारात लावतो, बँक बंद असते, मॅनेजरला तोंडी विचारलं. गल्ली डेडएंड आहे म्हणून जमलं, वाहत्या रस्त्यावर जमणार नाही. टेनिस बॉल चालतो, सीझन बॉल नाही. दोन घरं अजून गाड्या हलवत नाहीत.

मीटर_डाऊन:
डेडएंड असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण तोंडाशी एक मोठा माणूस उभा करा.

डबाऐसपैस:
काका, आपली पण गल्ली डेडएंड आहे. हो, मी तुमच्याच गल्लीतला. काच फोडणारा आमचा नव्हता, पण कोण ते माहितीये. काचेचे पैसे वर्गणीतून देऊ.

शांतताप्रेमी:
आत्ता सांगताय होय! एवढा धागा काढण्यापेक्षा जिना चढून आला असतात तर चहा तरी मिळाला असता.

रविवारी पाच ते सात माझी गाडी काढतो. मुलाच्या गाडीचं तो बघेल. सीझन बॉल दिसला तर वॉर्ड ऑफिसला तक्रार करणार. शनिवारचं नाव काढू नका, शनिवारी व्याही येतात.

वकील_नाही_पण:
म्हणजे तिसरी गाडी.