श्रुतिका: घुसखोरांचा फडशा पाडण्यासाठी पैदा केलेले जीव. आवाज आणि तर्क दोन्हीकडे अडलंय

आरोहण
चार भागांची विज्ञानकथा-श्रुतिका आहे, प्रत्येक भाग साधारण 20 मिनिटांचा. परग्रहावरच्या वसाहतीवर घुसखोर उतरतात. वसाहतवाले जमिनीखालच्या पैदासगृहात त्यांना मारणारे जीव वाढवतात आणि चौथ्या भागात तेच जीव वसाहतीवर उलटतात. निवेदक नाही, ठेवायचाही नाही.

अडचणी तीन. जिवांची गुरगुर हेडफोनवर अंगावर येते, पण मोबाइलच्या स्पीकरवर गायब होते (माणसाचाच आवाज दोन सप्तकं खाली नेलाय). झटापटीच्या प्रसंगात आपला जीव कुठला आणि घुसखोर कुठला, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. आणि जीव उलटण्याचं कारण सध्या 'प्रयोग फसला' एवढंच आहे, ते फारच लंगडं वाटतं. शिवाय अशी पैदास किती पिढ्यांत दाखवली तर पटेल?

खर्ज
आधी मोबाइलचं बघू. त्या स्पीकरमधून साधारण 300 हर्ट्झच्या खालचं फारसं बाहेर येत नाही, आणि तुमची गुरगुर 50-60 हर्ट्झवर बसलेली असणार. ईक्यूने (इक्वलायझरने) बेस चढवून उपयोग नाही. लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) त्या ऐकू न येणाऱ्या बेसवरच दाबत बसतो आणि सोबत संवादही खाली जातात.

पण कानाला फसवता येतं. 300, 350, 400 असे 50 च्या पटीतले स्वर एकत्र वाजले की मूळचा 50 मेंदू स्वतः भरून काढतो. ट्रॅकची प्रत काढा, तिला 150 हर्ट्झचा लो-पास लावा (त्यावरचं कापणारा), त्यावर सढळ हाताने सॅच्युरेशन (मुद्दाम केलेली विकृती, तिच्यातून वरचे पटीतले स्वर तयार होतात), त्यानंतर 200 चा हाय-पास (त्याखालचं कापणारा), आणि ही प्रत मूळ ट्रॅकखाली हळूहळू वर आणा. क्रम बदलू नका. हाय-पास आधी लावलात तर सॅच्युरेशनला काम करायला मूळ स्वरच उरत नाही.

दोन सप्तकांबद्दल: वेग चौथाई केला की 20 किलोहर्ट्झपर्यंतचं ध्वनिमुद्रण 5 किलोहर्ट्झवर संपतं. वर काहीच नसल्यामुळे जीव गोधडीत गुंडाळल्यासारखा वाटतो. 96 किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा असा सल्ला हमखास मिळतो, पण माइकच 20 किलोहर्ट्झला थांबत असेल तर फाइल मोठी होते, बाकी काही नाही. 40-50 किलोहर्ट्झपर्यंत ऐकणारा माइक मिळाला तर उत्तम. नाहीतर एकच सप्तक खाली जा आणि वरचा थर वेगळा रचा: न उतरवलेला श्वास, जिभेचे टाळ्यावरचे चटके, पिळलेल्या जुन्या चामडी पट्ट्याची करकर.

पिच बदलणाऱ्या प्लगइनमध्ये 'फॉर्मंट जपा' चालू असेल तर ते तपासा (फॉर्मंट म्हणजे स्वरमार्गाचे अनुनाद). देहाचा आकार आपल्याला पट्टीपेक्षा फॉर्मंटवरून कळतो. प्रौढ पुरुषाचा स्वरमार्ग (स्वरतंतूंपासून ओठांपर्यंत) साधारण 17 सेंटिमीटरचा, त्याचा पहिला अनुनाद 500 हर्ट्झच्या आसपास. तिप्पट लांबीच्या नरड्यात तो 170 वर येईल. फॉर्मंट तसेच ठेवून नुसती पट्टी उतरवली तर राक्षस सोडाच, पेंगुळलेला माणूस ऐकू येतो. पट्टी 5 ते 7 सेमिटोन खाली आणि फॉर्मंट मूळच्या 0.65 पटीच्या आसपास, इथून सुरुवात करा.

मूळ आवाज श्वास आत ओढताना काढायला सांगा. स्वरतंतू तेव्हा नीट एका लयीत कंप पावत नाहीत, त्यामुळे तो खरखरीतपणा आयता मिळतो. माइक 20-30 सेंटिमीटरवर, तोंडाच्या थोडा बाजूला. मात्र घसा पटकन सुकतो. सलग घेऊ नका.

तिसरी घंटा
दुसरी अडचण मिक्सिंगची नाहीच, संहितेची आहे. दोन्ही पक्ष गुरगुरत असतील तर कितीही थर लावा, खिचडीच होणार. घुसखोरांकडून कंठातला आवाज काढूनच घ्या. त्यांना फक्त हालचाल द्या, किंवा एकच न तुटणारा सूर. आपल्या जिवांना तुटक आवाज द्या. अखंड विरुद्ध तुटक हा फरक गाडीच्या गोंगाटातही ओळखू येतो.

त्या तुटक आवाजालाच कथेचं काम द्या. समोर कोण आहे हे जीव हुंगतो तेव्हा टकटक करतो. ओळख पटली की टकटक थांबते. नाही पटली तर वेग वाढत जातो आणि मग हल्ला. हा नियम पहिल्या भागातच, धोका नसलेल्या प्रसंगात शिकवा: राखणदार पिंजऱ्यात हात घालतो, टक... टक... टक, शांतता, राखणदार हसतो. कोणीही काही समजावून सांगायचं नाही. दुसऱ्या भागात हेच घुसखोरासमोर घडू द्या. चौथ्या भागात तोच राखणदार हात घालतो आणि टकटक थांबत नाही. तिथे संवादाची गरजच नाही.

'अरे बघ, तो डावीकडून येतोय!' या जातीची वाक्यं मात्र निर्दयपणे कापा. डोळ्यांसमोरचं वर्णन करायला पात्राला कारण लागतं. वायरलेसवर दुसऱ्याला वाट दाखवतोय, अंधारात मोजणी करतोय, असं काहीतरी. आणि एका प्रसंगात तीनपेक्षा जास्त बोलणारे नकोत.

मुंगीशास्त्र
वरचा हुंगण्याचा मुद्दा जीवशास्त्रालाही धरून आहे. मारायला शिकवणं सोपं. कोणाला मारायचं नाही हे शिकवणं अवघड. आपल्या शरीरात हे काम थायमस ग्रंथीत चालतं. तिथे तयार होणाऱ्या टी-पेशींपैकी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) 95 टक्क्यांहून अधिक तिथेच मरतात: काही निरुपयोगी म्हणून, काही स्वतःच्याच शरीरावर उलटतील म्हणून. तुमच्या पैदासगृहात हीच चाळणी दाखवा. वसाहतीचा वास दिल्यावर अंगावर येणारं पिल्लू बाद. मग उलटण्याचं कारण आपोआप मिळतं: युद्धाच्या घाईत कोणीतरी चाळणी सैल करतो. किंवा चाळणी चोख आहे, पण वसाहतीचा वासच बदललाय, नवं अन्न, नवं जंतुनाशक.

पिढ्यांसाठी सैबेरियातल्या नोव्होसिबिर्स्कचा कोल्ह्यांचा प्रयोग बघा. 1959 ला जनुकशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी सुरू केला, निवड फक्त माणसाळलेपणाची. दहाव्या पिढीत 18 टक्के पिल्लं सर्वांत माणसाळलेल्या वर्गात आली, विसाव्यात 35 टक्के. कोल्ह्याची वीण वर्षातून एकदा, म्हणजे विसावी पिढी गाठायला दोन दशकं. तुमच्या जिवांची पिढी दोन महिन्यांची असेल तर तेच काम सुमारे सव्वातीन वर्षांत होतं. त्याहून घाई केलीत तर जनुकीय फेरफार कथेत आणावेच लागतील.

तुमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे: एका गुणाची निवड केली की न मागितलेले गुणही येतात. त्या कोल्ह्यांमध्ये अंगावर पांढरे ठिपके आणि लोंबते कान आले. आवाजही बदलले. माणसाळलेल्या वंशातले कोल्हे माणसासमोर खिदळल्यासारखे आवाज काढतात आणि धापा टाकतात. आक्रमक वंशातले खोकल्यासारखे आणि फुरफुरणारे. म्हणजे भागागणिक टकटकीचा पोत बदलत नेला तर ते नुसतं नाट्य ठरत नाही, शास्त्रातही बसतं.

मारण्याची पद्धतही दात-नखांचीच का? जपानी मधमाशा (आपल्या सातेरीच्याच जातीतल्या) गांधीलमाशीला गोळा करून घेरतात आणि पंखांचे स्नायू थरथरवून आतलं तापमान सुमारे 46 अंशांवर नेतात. गांधीलमाशी मरते, कारण मधमाशा तिच्यापेक्षा दोन-तीन अंश जास्त सोसतात. गुणगुण चढत जाते आणि आतली फडफड बंद पडते. कानाला रक्तपातापेक्षा हे जास्त भयंकर वाटेल.

'प्रयोग फसला' हवंच असेल तर 1935 चं क्वीन्सलँड आठवा. उसातल्या हुमणीचा बंदोबस्त म्हणून हवाईहून केन टोड (मोठे विषारी भेक) आणले. हुमणीचे भुंगेरे उसाच्या शेंड्यावर, टोड जमिनीवर, गाठच पडेना. टोड मात्र आजही पसरतायत. फसण्याला असं नेमकं कारण लागतं.

आरोहण
टकटकीची कल्पना घेतोच. पण नुसता क्लिक कॉपी-पेस्ट करून वेग वाढवला तर टाइपरायटर वाटतोय. आणि हल्ल्याच्या वेळी खाली संवाद आहेत, ते बुडतात.

खर्ज
एकच नमुना परत परत वाजला की यंत्र ऐकू येणारच. 10-15 मिलिसेकंदांचे पाच-सहा वेगवेगळे क्लिक घ्या, आलटून पालटून वाजवा, पातळीत 2 डेसिबल आणि अंतरात 10 टक्के इकडेतिकडे होऊ द्या. सुरुवात सेकंदाला 3-4 ने. साधारण 20 च्या पुढे कानाला सुटे ठोके कळेनासे होतात, सलग घरघर ऐकू येते. तेव्हा 40-50 पर्यंत चढवत नेलंत की टकटकीतूनच गुरगुर जन्माला येते, वेगळी चिकटवावी लागत नाही. प्रत्येक क्लिकमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सी भरपूर असल्यामुळे मोबाइलवरही टिकते. वेग वाढेल तसा अंतरातला विस्कळीतपणा 3-4 टक्क्यांवर आणा, नाहीतर शेवटी नुसता खरखराट उरतो.

संवादांसाठी अख्खा ट्रॅक दाबू नका, जीव मागे सरकल्यासारखा वाटतो. डायनॅमिक ईक्यूला संवादाचा साइडचेन द्या (म्हणजे संवाद चालू असतानाच तो काम करेल) आणि जिवाचा फक्त 1.5 ते 4 किलोहर्ट्झचा पट्टा 4-6 डेसिबल खाली येऊ द्या. अटॅक (दबायला लागणारा वेळ) 10-20 मिलिसेकंद, रिलीज (परत वर यायला लागणारा वेळ) 250 च्या आसपास. रिलीज फार लहान ठेवलात तर शब्दाशब्दाला पट्टा उघडतो आणि जीव धापा टाकत असल्यासारखा भास होतो.

जीव जवळ दाखवायचा तर रिव्हर्बचा प्री-डिले (मूळ आवाज आणि घुमारा यांतलं अंतर) 20-30 मिलिसेकंद, दूर असेल तर जवळपास शून्य आणि वरच्या फ्रिक्वेन्सी कापलेल्या. नवशिके बरोब्बर उलटं करतात.

तिसरी घंटा
हल्ल्याआधी अर्धा सेकंद सगळं थांबवा, खोलीचा हलका आवाज तेवढा राहू द्या. पूर्ण शून्य केलंत तर श्रोता फोन बंद पडला का ते बघतो.

खर्ज
बरोबर. आणि शेवटच्या फाइलची सरासरी पातळी स्टिरिओ असेल तर -16 लफ्स (LUFS, आवाजाची जाणवणारी पातळी मोजायचं एकक), मोनो असेल तर -19, ट्रू पीक (सर्वांत वरचं टोक) -1. पण हा आकडा अख्ख्या भागाचा असतो. चौथ्या भागात पाच मिनिटं आरडाओरडा असेल तर सरासरी तोच वर खेचतो आणि आकडा जुळवताना आधीची कुजबुज ऐकू येईनाशी होते. म्हणून चारही भागांत आधी संवादांची पातळी एकसारखी लावा, हल्ला त्यावर जेमतेम 5-6 डेसिबल चढू द्या आणि मगच मीटर बघा. एमपी3 करताना मोनो 64 केबीपीएसला बोलणं चालून जातं, पण क्लिकच्या आधी फिसफिस ऐकू येते. 96 च्या खाली जाऊ नका.