कुकर कोण लावतं? (नोकरी करणाऱ्या बायकांनो, अनुभव लिहा)

मधुमालती:
परवा चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशलमध्ये समोरची मुलगी मटार सोलत होती. दाणे डब्यात, टरफलं पिशवीत, कानात इयरफोन. ही गाडी ९२ साली सुरू झाली, मी ९५ पासून तिची. मीही तिथेच गवार निवडायचे.

एकदा पावसात अंधेरीला अडकले, घरी पोचले साडेनवाला. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्यासाठीच थांबलोय जेवायचे." ओट्यावर तांदूळसुद्धा धुतलेले नव्हते! नवरा तसा भला. माहेरी पैसे दिले तरी चकार शब्द नाही काढला कधी. पण त्या रात्री मी जी भांडले! दुसऱ्या दिवसापासून कुकर तो लावायला लागला. पहिल्याच दिवशी खाली पाणी घालायला विसरला. तरी संसार त्या कुकरवर टिकला असं मी अजून म्हणते.

तिखटपुरी:
आमच्याकडे 'मदत' करतात. शब्दच डोक्यात जातो. काम माझं आणि उपकार त्यांचे.

रेवा_ठाणे:
माझी नाइट शिफ्ट. लेकाचा डबा नवराच करतो. साबा (सासूबाई) शेजारी सांगतात, "बिचाऱ्याला पोळ्या लाटाव्या लागतात." बिचारा माझ्यापेक्षा गोल लाटतो. बाकी नंतर, दूध उतू गेलं

आळशीबोका:
हेल्मेट घालून लिहितोय. भांडी मी घासतो. कढई सोडून.

तिखटपुरी:
मग कढई कोण घासतं?

आळशीबोका:
ती भिजत असते.

कावेरीकाठ:
😂 २०२४ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची २८९ मिनिटं आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. नवऱ्याला वाचून दाखवलं तर म्हणे, "कोण आहेत हे ८८ वाले?"

निशिगंध_:
माझं उलट. घरातलं सगळं करतो तो. पण मला प्रमोशन मिळाल्यापासून चारचौघांत "आमच्या साहेब" म्हणतो. पहिल्यांदा मीही हसले होते. आता नागपूरला वरची पोस्ट मिळत होती, मी नाही म्हणून आले. त्याला सांगितलेलं नाही अजून.

तिखटपुरी:
निशि, विपु (तुझ्या पानावरचा निरोप) बघ गं.

सदाफुली:
मटार स्वस्त झाले का तिकडे? पुण्यात अजून हात लावू देत नाहीत.

मधुमालती:
निशि, आमच्या ह्यांनाही माझा पगार वाढल्यावर वर्षभर अ‍ॅसिडिटी होती. पण सांग त्याला.
बोका, कढईत गरम पाणी आणि खायचा सोडा घाल.

आळशीबोका:
घातला. उद्या बघतो.