छतातून गळती: खर्च कोणाचा, दावा कोणाकडे?

खालचा_मजला: बाथरूमच्या छताला ओल आहे, पोपडे सुटलेत, दिव्याच्या जागेतून थेंब पडतात. वरचे म्हणतात कॉमन लाइन असेल. समिती म्हणते आपसात मिटवा. माझ्याकडे सामान आणि अंतर्गत कामाची विमा पॉलिसी आहे. आधी काय करू?

पाइप_गिलावा: आधी त्या दिव्याचा एमसीबी (वीजपेटीतला त्या लाइनचा स्विच) बंद करा. स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी वायरिंगच्या पाइपातूनही वाहत येतं, म्हणून थेंबाच्या बरोबर वरच गळती असेल असं धरू नका.

पैशांचं बोलण्याआधी उगम शोधा. वर पाणी वापरात नसतानाही रात्रंदिवस थेंब पडत असेल तर संशय दाबाच्या लाइनवर, म्हणजे नळांना पाणी आणणाऱ्या पाइपावर. वरचे सगळे नळ बंद करून मीटर बघा. तरीही तो फिरत असेल तर त्यापुढच्या लाइनमध्ये गळती आहे. अंघोळीनंतरच थेंब वाढत असतील तर ड्रेनेज किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग. या दोन्हींतला फरक कळायला क्रम पाळावाच लागतो: फरशी कोरडी ठेवून फक्त नाहणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्यात) रंगीत पाणी सोडा. खाली रंग उतरला नाही, तर ट्रॅपला बूच लावून फरशीवर २५ ते ५० मिमी पाणी २४ तास साठवा, उंबऱ्याच्या पातळीखालीच. दोन्ही चाचण्या एकत्र केल्या की दोष कशाचा ते कळत नाही.

दावा_तपासनीस: या सगळ्या चाचण्या दोन्ही घरं आणि समितीच्या समोर करा, फोटोंवर तारीख ठेवा. फोडकामात निघालेला पाइपाचा तुकडा जपून ठेवा, तो मोठा पुरावा असतो.

साधारणपणे एकाच फ्लॅटच्या वापराची लाइन त्या मालकाची आणि सामायिक उभी लाइन इमारतीची. नेमकी हद्द तुमच्या करारात आणि उपविधींत बघा. मात्र पाणी वरून आलं एवढ्यावर वरचे जबाबदार ठरतातच असं नाही. अनेक ठिकाणी निष्काळजीपणा दाखवावा लागतो. म्हणून आजच लेखी कळवा. कळवूनही दुरुस्ती झाली नाही, तर तुमची बाजू भक्कम होते.

विमा कंपनीलाही लगेच कळवा, उगम सापडेपर्यंत थांबू नका. पाइप अचानक फुटून झालेलं नुकसान बहुतेक पॉलिसींत बसतं. महिनोन्‌महिने झिरपलेलं सहसा नाही. बिघडलेल्या पाइपाची दुरुस्तीही अनेकदा वगळलेली असते, आणि गळती शोधायला फोडलेल्या फरशीसाठी वेगळं कलम लागतं. विमा रक्कम खऱ्या किमतीच्या ६०% असेल तर सरासरीच्या कलमाने भरपाईही नुकसानीच्या ६०% इतकीच धरली जाते, त्यातूनही तुमचा ठरलेला हिस्सा वजा होतो.

खालचा_मजला: वरचे थोडी रक्कम देऊन 'तक्रार मिटली' असं लिहून मागताहेत.

दावा_तपासनीस: विमा कंपनीला विचारल्याशिवाय सही करू नका. तुम्हाला भरपाई दिल्यावर ती जबाबदार पक्षाकडून वसुली करू शकते. तो हक्क तुम्ही सोडलात, तर दावा नाकारला जाऊ शकतो.

पाइप_गिलावा: आणि रंगाची घाई नको. ओलावामापकाचं वाचन शेजारच्या कोरड्या छताइतकं खाली येऊ द्या. गंजाचे डाग किंवा सळईच्या रेषेत तडे दिसले तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.