पाठ आहे, पण विसावा मिळेना

निपाणीची सून:
जय ख्रिस्त. निपाणीहून लिहायलेय. घरी शिलाईकाम आहे, ब्लाऊज, फॉल-पिको. सासूबाईंना लकवा मारल्यापासून त्यांचं उठवणं, पुसणं, भरवणं सगळं माझ्याकडंच. मालक ट्रकवर, बेंगळुरूकडं गेले की कधी येतील नेम नाही. रविवारी उपासनेआधी संडेस्कूलची पोरं. लग्नसराईत काजं करता करता सुई हातातच राहते नि डोळा लागतो.

रात्री बायबल उघडते, दोन ओळी झाल्या की अक्षरं हलायला लागतात. मत्तय 11:28 पाठ आहे, 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो'. पाठ असून विसावा काय मिळेना. महिला मंडळात एकीनं सांगितलं, पहाटे चारला उठून प्रार्थना कर, ताकद येईल. चारला उठायचं तर झोपायचं कधी? माझा विश्वास कमी पडतोय काय? खरं सांगा, गोड बोलू नका.

खानापूरचे काका:
बाळ, बायबलातलं 1 राजे 19 वाच. पण आज नको, आज जेवून झोप.

एलीया कर्मेल डोंगरावर बाल नावाच्या दैवताच्या संदेष्ट्यांना पुरून उरला, नि लगेच ईजबेल राणीच्या जीवे मारण्याच्या एका निरोपानं पळाला. चाकराला बैर-शेब्यात सोडलं, एकटाच रानात दिवसभराची वाट गेला, झुडपाखाली बसून 'आता पुरे, माझा प्राण घे' म्हणाला. एवढा मोठा संदेष्टा! देव रागावला काय? नाही. झोपू दिलं. दूत आला तो 'ऊठ, खा' म्हणत. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर नि पाणी. खाऊन गडी परत आडवा झाला. दुसऱ्यांदाही दूतानं खायलाच घातलं. 'तू इथं काय करतोस' हे देवानं विचारलं ते होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांची वाट झाल्यावर. पुढं जोडीला अलीशा हा शिष्य दिला. आपल्या मंडळ्यांत उलटं. थकलेल्याला आधी उपदेश, जेवलास काय हे कुणी विचारत नाही.

स्तोत्र 127 तर पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत राबण्यालाच व्यर्थ म्हणतं. त्या बहिणीला तेवढं दाखव. चारला उठणारे मीही बघितलेत, दुपारी मस्त घोरतात.

चिकोडीकर:
काका, असं सांगितलं तर लोक प्रार्थनाच सोडतील की. येशू पहाटे अंधारातच उठून प्रार्थनेला जायचा, मार्क 1:35.

खानापूरचे काका:
आणि मार्क 4 मध्ये वादळात नावेत उशीवर झोपलाय. दोन्ही येशूच.

वडगावची अक्का:
मी दवाखान्यात नर्स आहे, म्हणून आधी माझं ऐक. हिमोग्लोबिन नि थायरॉईड तपासून घे. रक्त कमी असलं तर माणूस असाच बसल्या जागी पेंगतो, त्यात विश्वासाचा काय संबंध? औषध घेणं म्हणजे भरवसा सोडणं नव्हे.

दुसरं, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे एकटीनं रात्रंदिवस कुणालाच जमत नाही. निर्गम 18 मध्ये एकटाच सगळ्या लोकांचे निवाडे करत बसणाऱ्या मोशेला त्याच्या सासऱ्यानं तोंडावर सांगितलं, तू नि लोक दोघंही झिजून जाल, एकट्यानं व्हायचं नाही. तू पाळकबाईंना सांग. 'प्रार्थनेत ठेवा' नको, 'गुरुवारी दुपारी येऊन सासूबाईंजवळ बसा, मला झोपायचंय' असं सांग. तोंडानं देवावर भरवसा म्हणतेस नि ओझं कुणाच्या हातात देईनास. रागावू नको हं.

निपाणीची सून:
रागावले नाही अक्का. पाळकबाईंना मेसेज टाकला, गुरुवारी दोघी येतो म्हणाल्या. त्यातली एक पहाटे चारवालीच आहे! संडेस्कूल सोडायचं अजून मनाला पटेना, पोरं लई गोड आहेत. रक्त उद्या देते. लोहाची गोळी दिली तर चहाबरोबर चालते काय?

वडगावची अक्का:
आधी रिपोर्ट येऊ दे. गोळी दिलीच तर चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घे. चहा तासा-दीड तासानं.