ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांची दहावी

गावोगावी टॅब वाटले की दूरशिक्षणाचा प्रश्न सुटेल, असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. आमच्या बीडकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिललाच परततात, म्हणजे ऐन परीक्षेच्या दिवसांत मुलं फडावर. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, लाइट नसते, टॅब चार्ज कुठे करणार? आमच्या शेजारची मुलगी परतली तेव्हा तिच्या गणिताच्या पुस्तकाच्या कडा चुलीच्या धुराने काळ्या पडल्या होत्या. वाचलं होतं तिने, पण दहावीची परीक्षा हुकली.

अशा मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयाबद्दल, म्हणजे एनआयओएसबद्दल, कुणी सांगतच नाही! वय 14 पूर्ण हवं. दहावी मराठीतून देता येते, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि एकेक विषय सोडवत पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. आधीच्या बोर्डात पास झालेले दोन विषयसुद्धा धरले जातात. आपल्या राज्य बोर्डाचा, शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा 17 नंबरचा फॉर्म आहेच, पण विषय असे सवडीने सोडवायची मोकळीक त्यात नाही.

शिक्षक मंडळींनो, ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी पालकांना गाठा. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घेतली की घरात दुसरं काही ऐकून घ्यायला कुणी थांबत नाही.