मदत हवी आहे: थंडीत तळ्यातले कोई एकेक करून मरताहेत

शिवारातला:
नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमचं घर द्राक्षबागेतच आहे आणि घरापुढे सिमेंटचं तळं आहे. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, पाणी तीन फूट. म्हणजे आठ हजार लिटर धरा. त्यात चौदा कोई, म्हणजे शोभेचे रंगीत मासे, होते. नऊ दिवसांत चार गेले. आज सगळ्यात मोठा, लाल-पांढरा, ज्याला घरात सगळे 'पाटील' म्हणतात, तो पाणी पडतं तिथे डोकं वर करून उभा आहे आणि तोंडाची उघडझाप चालली आहे. बघवत नाही.

मेलेल्यांच्या अंगावर जखम नाही. कातडीवर साय धरल्यासारखा राखाडी थर होता, कल्ले फिके, कडांना बुळबुळीत. मरायच्या आधी दोन दिवस मासे तळाला अंग घासून पलटी मारायचे, पोट चमकून जायचं. पर मिटलेले. सकाळी सातला पाणी १३ अंश, दुपारी तीनला १९.

मी काय केलं ते सांगतो. बोरचं पाणी थंडीत कोमट असतं, म्हणून पहाटे थ्री फेज आली की अर्धा तास तळ्यात सोडतो. मासे तिथे गोळा होतात, म्हणजे त्यांना बरं वाटत असणार. आई दोन वेळा खाणं घालते, वर भाकरीचा चुरा. थंडीत भूक जास्त लागते म्हणे. दुकानदारानं निळं औषध दिलं, ते दोनदा टाकलं. फरक शून्य.

शेजारच्या बागेत गेल्या आठवड्यात ब्लोअरनं फवारणी झाली, वारा आमच्याकडे होता. माझा संशय तिथेच आहे. भांडायला जाण्याआधी इथे विचारतोय. एक मेलेला मासा पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवला आहे. तो कुठे दाखवायचा ते लवकर सांगा, कारण घरात त्यावरून वातावरण तापलं आहे.

ओंटारियोकर:
दादा, थंडीला दोष देऊ नका. आमच्या तळ्यावर डिसेंबरात बर्फाची लादी असते. खालचं पाणी ४ अंश, मासे तळाशी दगडासारखे पडून राहतात आणि मार्चअखेर परत हलायला लागतात. फक्त बर्फात एक भोक उघडं ठेवायचं, आतले वायू बाहेर जायला. अर्थात आमचं तळं पाच फूट खोल आहे आणि पाणी गार व्हायला महिना लागतो. तुमचं दिवसातच सहा अंश वरखाली होतंय.

काळी_माती:
भांडायला जाऊ नका राव. मीही बागवाला आहे. सायपरमेथ्रिनसारखं कीटकनाशक उडून पडलं असतं तर रात्रीत सगळेच गेले असते, नऊ दिवस एकेक करून नाही. आणि त्याआधी पाण्यावर पळणाऱ्या निवळ्या मेल्या असत्या. आहेत का त्या?

शिवारातला:
आत्ता बॅटरी घेऊन बघून आलो. निवळ्या आहेत. चांगल्या पळताहेत.

वैनगंगेकाठचा:
आमच्या भंडाऱ्याकडे मामा (माजी मालगुजारी) तलावांत थंडीत मरळीला लाल चट्टे पडतात, मग खोल जखमा होतात. तेव्हा चुना टाकतात. तुम्हीपण टाकून बघा.

तळ्यातलीताई:
चुना अजिबात टाकू नका, थांबा! भंडाऱ्याच्या दादांनी सांगितलेला रोग खरा आहे. अफॅनोमायसिस नावाच्या बुरशीसारख्या जीवामुळे होतो, १९८८ पासून आपल्या देशात आहे, थंडीतच डोकं काढतो. भुवनेश्वरच्या सीफा या मत्स्यसंशोधन संस्थेनं त्यावर सीफॅक्स नावाचं औषधही काढलं. पण तो मरळ, रोहू, मृगळ यांना होतो. कोई म्हणजे शेवटी कॉमन कार्प, त्याला हा रोग सहसा लागत नाही. आणि तुमच्या माशांना जखमाच नाहीत. चुन्यानं पीएच चढेल आणि पाण्यात अमोनिया असला तर तो जास्त विषारी होईल.

मी पुण्यात बारा वर्षं कोई पाळते आणि यातल्या निम्म्या चुका स्वतः केल्या आहेत, त्यामुळे स्पष्ट बोलते. फ्रीझरमधला मासा टाकून द्या. गोठवलेल्या माशात परजीवी सापडत नाहीत. मासा मेला की ते तसेही सोडून जातात. तपासायचा तो जिवंत, आजारी मासा.

गार पाण्यात हवा जास्त विरघळते. तरी मासा वर तोंड काढतोय म्हणजे अडचण कल्ल्यांत आहे. अंग घासणं, राखाडी थर, मिटलेले पर, एकेक करून मरणं ही सगळी परजीवींची चाल आहे. पण ते अचानक का माजले, ते पाण्यात शोधायचं. आज एवढं करा:

अमोनिया आणि नायट्राइट मोजा. पीएच सकाळी आणि दुपारी चारला, दोन्ही वेळा. आणि बोरचं पाणी बादलीत घेऊन लगेच तापमान आणि पीएच बघा. त्याच बादलीत रात्रभर एअर पंपाची नळी सोडून सकाळी परत पीएच बघा.

खाणं आजपासून बंद. आईंना माझं नाव सांगा.

शिवारातला:
ताई, आकडे घ्या. अमोनिया १ पीपीएम (लिटरला १ मिलिग्रॅम), नायट्राइट ०.२५. तळ्याचा पीएच सकाळी ७.६, दुपारी ८.६. बोरचं पाणी २५ अंश, काढल्या काढल्या पीएच ७.१, रात्रभर बुडबुडे सोडल्यावर ८.२! पाणी तेच, बादली तीच. मीटर बिघडला असं वाटून दोनदा मोजलं.

तळ्यातलीताई:
मीटर बरोबर आहे. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो आणि प्राणवायू कमी. उघड्यावर आलं की तो वायू उडून जातो आणि पीएच चढतो. म्हणजे तुम्ही रोज पहाटे १३ अंशांतल्या माशांवर २५ अंशांचं, प्राणवायू नसलेलं पाणी सोडत होता. ते ऊब घ्यायला येतात खरे, पण दहा मिनिटांनी परत गारात. या झटक्यांनी अंगावरचा बुळबुळीत थर आणि प्रतिकारशक्ती दोन्ही ढासळतात.

दुसरं, थंडीत फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू मंदावतात. त्यात निळं औषध, म्हणजे मेथिलीन ब्लू, त्यांनाच मारतं. वरून भाकरी. अमोनिया साचणारच. पीएच एकानं वाढला की त्यातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, म्हणून दुपारी मासे जास्त कासावीस होत असतील. शेवाळ असेल तर दुपारचा चढ त्याच्यामुळेही.

आता कुणाच्या तरी शाळा-कॉलेजातला सूक्ष्मदर्शक गाठा. मासा ओल्या हातानं धरून काचेच्या पट्टीच्या कडेनं कल्ल्यामागून शेपटीकडे अलगद थर खरवडा, तळ्याच्याच पाण्याचा थेंब, वर कव्हर स्लिप, आणि लगेच बघा. शंभर पटीत दिसेल. बदामाच्या आकाराचं सावकाश सरकणारं काही दिसलं तर कायलोडोनेला नावाचा परजीवी, तो गार पाण्यातच माजतो. गोल चकत्या दिसल्या तर ट्रायकोडिना, हाही परजीवीच.

शिवारातला:
पुतणी ज्युनियर कॉलेजला आहे, तिच्या सरांनी प्रयोगशाळा उघडून दिली. ताई, एका नजरेत वीस-पंचवीस गोल चकत्या! कडेला दातेरी चाकासारखी नक्षी आणि गरगर फिरताहेत. पुतणी म्हणाली, काका, हे तर घड्याळाचे पार्ट आहेत. सरांनी मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवला, पुढच्या बॅचला दाखवायला.

तळ्यातलीताई:
ट्रायकोडिना. घाण पाणी आणि खचलेला मासा मिळाला की हे असेच वाढतात.

खडे मीठ घ्या. हजार लिटरला ३ किलो, म्हणजे तुम्हाला २४ किलो. एकदम नको, ८-८ किलो तीन दिवसांत, बादलीत विरघळवून कडेकडेनं. पाचव्या दिवशी परत खरवडून बघा. चकत्या तशाच असतील तर पोटॅशियम परमँगनेट, विहिरीत टाकतात ते. हजार लिटरला २ ग्रॅम, काट्यावर तोलून, चमच्यानं अंदाजे नाही. त्या वेळी फिल्टर बाजूला काढायचा आणि हवा जोरात चालू ठेवायची. पाणी गुलाबीचं चहासारखं झालं की औषध संपलं.

बोरचं पाणी आधी हजार लिटरच्या टाकीत भरून रात्रभर हवा द्या, गार झालं की तेवढंच बदला, आणि त्या हजार लिटरला ३ किलो मीठ परत. टाकी फवारणीची नको, कितीही धुतली तरी नको.

काळी_माती:
आणि ते खारट पाणी वेलींना सोडू नका. पानांच्या कडा करपतील, मग माशांचं दुःख विसराल.

शिवारातला:
आठवा दिवस. पाटील तिसऱ्या दिवशीच गेला. कल्ले फार खराब होते. त्याला आवळ्याखाली पुरला. उरलेले नऊ आहेत. काल परत खरवडून बघितलं, पूर्ण पट्टी शोधून एक चकती सापडली. अमोनिया ०.२५ वर आलाय. घासणं थांबलंय. शेजाऱ्याशी भांडलो नाही, उलट मिठाची गोणी त्यांच्याच गाडीतून आणली.

एक शंका राहिली. आई रोज तळ्याकाठी बसून 'लेकरांना उपाशी मारतोय' म्हणते. खाणं कधी सुरू करू?

तळ्यातलीताई:
अमोनिया शून्य आला आणि दुपारचं पाणी सलग चार दिवस १५ च्या वर राहिलं, की दिवसातून एकदा, दुपारी एकच्या सुमारास, दोन मिनिटांत संपेल एवढंच. गव्हाच्या अंकुराचं हलकं खाणं मिळतं, ते आणा. घालायचं काम आईंनाच द्या, पण डबा तुमच्याकडे ठेवा.