रोज ५० किमी, बायपास आणि हिंजवडी: १६० सीसी घ्यावी की १२५ पुरेल?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. पुण्यात माणिकबाग ते हिंजवडी फेज ३, वडगाव पुलाजवळ बायपासला लागून वारजे, चांदणी चौक, वाकड असा रस्ता. एका बाजूने साधारण २५ किमी, महिन्याला २२ दिवस. सध्या ११० सीसी स्कूटर आहे, ती बदलायची आहे.

उंची ५ फूट ५ इंच, वजन ६२ किलो. आठवड्यातून एकदोनदा आई मागे बसते, साडी नेसून. बजेट ऑनरोड दीड लाख, फार ताणलं तर १ लाख ५५ हजार. दिसायला आणि चालवायला जरा स्पोर्टी हवी, पण कंबर मोडायला नको.

यादीत अपाचे आरटीआर १६० ४व्ही, पल्सर एन१६०, एफझी-एस आणि एक्स्ट्रीम १२५आर आहेत. शिवाय याच पैशांत सेकंड हँड आर१५ (यामाहाची स्पोर्ट बाइक) मिळते, मित्रमंडळी तिचाच आग्रह धरून आहेत. काय करावं?

---

टॅपेट

आधी आर१५ बाजूला ठेवा, का ते खाली सांगतो.

शोरूममध्ये सगळे पीएस (इंजिनाची ताकद, हॉर्सपॉवरसारखं माप) विचारतात. रोजच्या गाडीसाठी त्याच्या शेजारचा आकडा वाचा: टॉर्क (इंजिनाची ओढ, एनएममध्ये मोजतात) किती, आणि तो किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांना) मिळतो. तुमच्या यादीचा हिशोब असा:

एफझी-एस: १२.४ पीएस, १३.३ एनएम, ५,५०० आरपीएमला.
पल्सर एन१६०: १६ पीएस, १४.६५ एनएम, ६,७५० ला.
अपाचे १६० ४व्ही: स्पोर्ट मोडमध्ये १७.५५ पीएस, १४.७३ एनएम, ७,२५० ला.
आर१५ (व्ही४): १८.४ पीएस, १४.२ एनएम, ७,५०० ला.

वाकड पुलाखालच्या गर्दीत इंजिन अडीच ते चार हजारांत फिरत असतं. तिथे एफझी तिसऱ्या गिअरवर निमूट चालते, आर१५ सारखी खालचा गिअर मागते. उलट वारज्याहून चांदणी चौकाकडे चढताना, मागे माणूस आणि पुढे कंटेनर असला की एफझीचे १२.४ पीएस लवकर संपतात. ओव्हरटेक सुरू केला आणि मध्येच दम गेला, हा प्रकार बायपासवर नको. एन१६० या दोन्हींच्या मध्ये बसते, म्हणून तुमच्या रस्त्याला ती जास्त जुळते. अपाचेचं इंजिन जास्त खेळकर, पण तिची मजा सहा हजारांच्या वर आहे. अर्बन आणि रेन मोडमध्ये तिचा पॉवर साडेपंधरा पीएसच्या आसपास येतो, आणि ऑफिसला जाताना तोच मोड बरा.

एबीएसकडे (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) काटेकोरपणे बघा. १२५ सीसीच्या वर एबीएस २०१९ पासून सक्तीचं आहे, पण सिंगल चॅनल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. पावसात रस्त्यावरचे पांढरे पट्टे, ड्रेनेजची झाकणं आणि पुलांचे लोखंडी जोड यांवर मागचं चाक लॉक होऊन गाडी आडवी जाते. एफझी-एसला सिंगल चॅनल, एन१६० ला ड्युअल, म्हणजे दोन्ही चाकांना. अपाचेत व्हेरियंट बघून घ्या, खालचं मॉडेल स्वस्त का आहे ते तिथेच कळतं.

आता आर१५. हँडल खाली आणि पुढे, त्यामुळे शरीराचा भार मनगटांवर. ताशी ८० ला समोरून येणारा वारा छातीला आधार देतो म्हणून ती बैठक चालते, पण ताशी १५ ला तो वारा नसतो. भूमकर चौकात पाऊण तास अडकलात की सगळा भार मनगटं आणि मानेवर. हँडल कमी वळतं, म्हणून दोन गाड्यांच्या फटीतून तिरकं निघताही येत नाही. मागची सीट उंच आणि अरुंद, साडी नेसून एका बाजूला बसणं धोक्याचं. साधी आडवी पडली तरी फेअरिंगचा (बाजूच्या प्लास्टिक आवरणाचा) पॅनल फुटतो. गाडी वाईट नाही, पण हे तिचं काम नव्हे.

---

पै_पै

वरच्या म्हणण्यातलं तांत्रिक सगळं बरोबर, पण खिशाचा हिशोब कोणीच मांडला नाही.

५० किमी गुणिले २२ दिवस म्हणजे महिन्याला १,१०० किमी. १२५ सीसीला गर्दीसकट ५८ चं ॲव्हरेज धरा, १६० ला ४५. म्हणजे १९ लिटर विरुद्ध साडेचोवीस लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याला ५७५ ते ५८० चा फरक, वर्षाला सात हजारांच्या आत.

आता विमा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदम भरावा लागतो. २०२२ च्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये आणि १५० च्या वर ३५० पर्यंत ७,३६५, वर जीएसटी वेगळा. गंमत अशी की एफझी १४९ सीसीची आहे, म्हणून ती १२५ वाल्यांच्या रांगेत बसते. एन१६० आणि अपाचे वरच्या टप्प्यात.

एक्स्ट्रीम १२५आर: ११.५५ पीएस, वजन १३६ किलो, सीट ७९४ मिमी, मागे १२०/८० चा टायर. दिसायला कोणी तिला १२५ म्हणणार नाही. चाळीस ते साठच्या वेगात ती छान आहे. सत्तरीच्या पुढे इंजिनाकडे फारसं शिल्लक राहत नाही, हे कबूल. त्यामुळे बायपासवर रोज १५ किमी काढायचे असतील तर १६० घ्या. आतल्या रस्त्याने कोथरूड, पाषाण करत जाणार असाल तर १२५ वर वाचलेले पैसे चांगलं हेल्मेट, रेनकोट आणि बूट यांवर घाला. हेल्मेट आयएसआय मार्काचंच घ्या, नुसती वर चिकटवलेली पट्टी नको.

कोटेशन घेताना: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. म्हणजे एक्स-शोरूम किंमत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास उतरली. इंटरनेटवर जुने आकडे अजून फिरतात, ते धरू नका. कोटेशन ओळीओळीने लेखी मागा: एक्स-शोरूम, रोड टॅक्स, नोंदणी, विमा. त्याखाली ‘हँडलिंग’, ‘टेफ्लॉन कोटिंग’, ‘ॲक्सेसरी किट’ अशा ओळी असतील तर त्या कापायला सांगा. नंबर प्लेटचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत, नव्या गाडीची एचएसआरपी (हाय-सिक्युरिटी नंबर प्लेट) किमतीतच धरलेली असते. विमा बाहेरून घ्यायलाही आडकाठी नाही. डीलरच्या आणि बाहेरच्या झिरो-डेप (क्लेममध्ये घसारा न कापणाऱ्या) पॉलिसीत कधी कधी दोन-तीन हजारांची तफावत निघते. बाहेरचं कोटेशन दाखवलं की डीलरचा आकडाही हलतो.

---

सिंहगडरोडकर

खूप उपयोगी. बायपासच घेणार, तेव्हा १२५ बाद. दोन शंका उरल्या. ५ फूट ५ ला एन१६० उंच आणि जड पडेल का? आणि नवीच्या ऐवजी सेकंड हँड १६० घेतली तर काय तपासायचं?

---

कोनसेट

सेकंड हँडचं मी सांगतो.

एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस६ (धुराचे नवे नियम पाळणारी) इंजेक्शनवालीच बघा. पेट्रोल आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) असतं, जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्याने लवकर खराब होतात.

जाण्याआधी मालकाला सांगा, गाडी सुरू करून ठेवू नको. पोचल्यावर इंजिनाला हात लावा. गरम असेल तर कोल्ड स्टार्टची खोड लपवायची असू शकते. तासभर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी जा. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला लागलं पाहिजे. सुरू झाल्यावर टिकटिक येऊन मिनिटाभरात कमी झाली तर बहुधा टॅपेट सेटिंग (इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट) बिघडलंय. खडखड येऊन तशीच राहिली तर टायमिंग चेन किंवा तिचा टेन्शनर. तापल्यावर रेस देऊन सोडताना निळसर धूर दिसला तर सरळ परत या.

किलोमीटर मागे फिरवलेत का ते मीटरवरून नाही, टायरवरून कळतं. बाजूला चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. मीटर १२,००० दाखवतो आणि दोन्ही टायर गाडीच्या वयापेक्षा दोन वर्षांनी नवे, तर कुठेतरी पाणी मुरतंय. मागच्या चेन-स्प्रॉकेटचे (चेन ज्यावर बसते त्या दातेरी चक्राचे) दात एका बाजूला वाकून मांजराच्या नखासारखे झाले असतील तर पूर्ण सेट बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. नुसती चेन बदलून भागत नाही, झिजलेले दात नवी चेन खातात.

पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवा. हँडलच्या मुळाशी टक-टक लागली तर कोनसेट (हँडल वळवणारं बेअरिंग) गेलाय. शॉकॲब्सॉर्बरच्या दांडीवर तेलाची ओली कडी दिसली तर सील फुटलेत. ही दोन्ही कामं आटोक्यातली आहेत. गाडी सरळ उभी करून मागून बघा, दोन्ही चाकं एका रेषेत नसतील तर चेसीला मार बसलाय. त्यावर घासाघीस करायची नाही, उठायचं.

कागद: आरसी, विमा, पीयूसी, फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलण्याचे). आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय टोकनही देऊ नका. परिवहनच्या साइटवर नंबर टाकून बोजा आणि थकलेले चलन दोन्ही तपासा.

आणि भाव करताना विक्रेता जीएसटी कमी होण्याआधीची नवी किंमत धरून बोलतोय का ते बघा. आजच्या नव्या गाडीपेक्षा ३०-३५ हजारांनी स्वस्त नसेल, तर वॉरंटी सोडून जुनी का घ्यायची?

---

टॅपेट

उंचीबद्दल. एन१६० ची सीट ७९५ मिमी, अपाचेची ८००. आकडा सारखाच, फरक सीटच्या पुढच्या भागाच्या रुंदीत आणि वजनात. एन१६० १५४ किलोची, अपाचे साधारण आठ-दहा किलोंनी हलकी. तुमच्या उंचीला दोन्ही पाय पूर्ण टेकणार नाहीत, चवडे टेकतील. तेवढं पुरतं. खरी अडचण गाडी ढकलताना येते. म्हणून टेस्ट राइडला ऑफिसचे बूट घालून जा आणि आधी इंजिन बंद ठेवून गाडी उतारावरून पायाने मागे घ्या, बेसमेंट पार्किंगमध्ये रोज हेच करायचंय. मग मागे कोणाला तरी बसवून एक यू-टर्न. तिसऱ्या गिअरवर ताशी २५ ला सोडून हळूच रेस द्या, गाडी धक्के न देता ओढते का बघा. शोरूमसमोर सरळ पळवून काहीच कळत नाही.

आईसाठी स्प्लिट सीटपेक्षा सलग सीटचं व्हेरियंट घ्या. साडी गार्ड आणि मागची पावटी डिलिव्हरीआधी बसवलेली पाहिजे. काही जण ‘लूक जातो’ म्हणून साडी गार्ड काढून टाकतात. पदर चाकात जायला एक सेकंद लागतो.

घेतल्यानंतरची दोन दुखणी आधीच सांगून ठेवतो. पहिलं क्लचचं: गर्दीत अर्धा क्लच दाबून रांगत राहिलं की प्लेटा जळतात, मग रेस वाढते आणि गाडी पळत नाही. लिव्हरच्या टोकाशी १० ते १५ मिमी मोकळी चाल ठेवा. थांबलात की न्यूट्रल. ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं आणि डब्यावर जासो (दुचाकी ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं. कारचं ऑइल भरलं तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे ओला (इंजिन ऑइलमध्येच फिरणारा) क्लच घसरतो.

दुसरं चेनचं. स्कूटरवरून येणाऱ्यांना ही सवयच नसते. दर ५०० किमीला ल्यूब, म्हणजे तुम्हाला महिन्यातून दोनदा, पावसाळ्यात दर आठवड्याला. गाडीला डबल स्टँड नसेल तर एक पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड) घ्या, नाहीतर गाडी हातभर पुढे ढकलत चेनचा एकेक भाग पुढे आणा. ल्यूब चेनच्या आतल्या बाजूला मारायचं, रात्री, म्हणजे सकाळपर्यंत मुरतं. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसायची नाही, बोटं जातात. ओ-रिंगची चेन असेल तर पेट्रोलने धुऊ नका, रिंगा फुगून फाटतात.

पहिली सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरलाच करा. तोवर एकाच वेगात लांब पळवू नका. तुमचा गर्दी आणि बायपास मिळून बनलेला रस्ता रनिंग-इनला (नवं इंजिन रुळवायला) उत्तम आहे.